साहेब, वर्कशॉपला कुलूप सहा वाजता लागतं

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : अभियांत्रिकी महाविद्यालयांची वर्कशॉप संध्याकाळनंतर चालू ठेवण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढून मी फोरमन म्हणून निवृत्त झालो. पोरांनी बक्षीस आणलं की प्राचार्यांच्या केबिनमध्ये फोटो निघतो, पेपरात छापून येतो, वरून अभिनंदनाचं पत्र येतं. त्या फोटोत मी कधी नव्हतो, त्याची खंतही नाही. पण फोटोच्या आधीचं अख्खं वर्ष मी जवळून पाहिलंय, म्हणून लिहितोय.

२२ जून २०१६ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ रॉकेट उडालं, तेव्हा त्यात वीस उपग्रह होते. त्यातला ‘स्वयम्’ पुण्याच्या सीओईपीच्या, म्हणजे तिथल्या जुन्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या, विद्यार्थ्यांनी केलेला. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन किलोभर. हॅम रेडिओवाल्यांचा, म्हणजे हौसेखातर वायरलेसवर बोलणाऱ्यांचा, निरोप एका ठिकाणी उचलायचा आणि दुसऱ्या ठिकाणी पोचवायचा, हे त्याचं काम. अंतराळात दिशा धरून राहायला त्याला मोटर नाही. आत लोहचुंबक बसवलाय, त्यामुळे तो होकायंत्राच्या सुईसारखा पृथ्वीच्या चुंबकत्वाला धरून वळतो. मला त्यातलं सगळ्यात काय आवडलं असेल, तर ही काटकसर. २००८मध्ये काम सुरू झालं, उड्डाण आठ वर्षांनी. डिग्री चार वर्षांची. ज्यांनी पहिलं ड्रॉइंग काढलं ते केव्हाच नोकरीला लागले, आणि धाकट्या बॅचने मोठ्यांचं अर्धं काम पुढे नेलं. सरकारी फायलीलाही एवढी चिकाटी क्वचितच लाभते. रागावू नका.

२०२२मध्ये सीओईपी स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं, चांगलंच झालं. १८५४ साली ते सुरू झालं तेव्हा नाव होतं ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’. बांधकामखात्याला हाताखालची माणसं हवी होती, म्हणून काढलेली शाळा. हातकाम नावातच होतं. पाट्या बदलल्या, विद्यापीठं झाली. हातकामाची खोली मात्र राज्यात बहुतेक ठिकाणी आवाराच्या मागच्या बाजूला, पत्र्याखाली राहिली.

आता माझ्याकडची एक गोष्ट. आमची पोरं ‘बाहा’ स्पर्धेसाठी गाडी करायची. खडकाळ रस्त्यावर चालणारी, एका माणसाची, पाइप वाकवून केलेल्या सांगाड्याची. मध्य प्रदेशात पिथमपूरला स्पर्धा होते आणि शेवटी सलग चार तासांची शर्यत असते. तिथे अर्ध्याअधिक गाड्यांचं काहीतरी मोडतंच. एका वर्षी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, लेथवर करत होती. ओढणी खुंटीला, वेणी वर बांधलेली, हे मी पहिल्याच दिवशी शिकवतो. ६२०५ नंबरच्या बेअरिंगसाठी बावन्न मिलिमीटरचं बोअर, म्हणजे आतलं गोल भोक. शेवटच्या कटला हात जरा जड पडला आणि बोअर ऐंशी मायक्रॉनने, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीएवढं, मोठं झालं. बेअरिंग प्रेसखाली दाबून बसायला हवं, ते तिच्या हाताने अलगद आत गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “जॉब रिजेक्ट. नवा तुकडा काप.” तिने घड्याळाकडे बोट दाखवलं. पावणेसहा.

ऐंशी मायक्रॉन म्हणजे काय ते कुठल्याही लेक्चरात कळत नाही. ते त्या ‘अलगद’मध्ये कळतं.

त्या दिवशी मी कुलूप लावलं नाही. पुढचे तीन आठवडे रात्री नऊपर्यंत थांबलो. वेळेनंतर विनापरवानगी यंत्रं चालू ठेवल्याबद्दल मला मेमो मिळाला. दुसऱ्या वर्षी मी नियम पाळला, आणि पोरं जॉब डिकीत घालून कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेऊ लागली. तिथले कारागीर देवमाणसं. एकाने “पोरांनो, शिकताय ना, मग राहू द्या” म्हणत मजुरी घेतली नाही. पण काम कारागिराने केलं, पोरं बाजूला उभी राहून बघत होती. गाडी झाली, चार तास धावलीही. शिकायचं तेवढं राहून गेलं.

मेमो देणाऱ्याचीही बाजू आहे, ती मला कळते. रात्री एकटं पोर लेथवर, यंत्राच्या फिरत्या चकमध्ये बाही अडकली तर जबाबदार कोण? म्हणून नुसती किल्ली पोरांच्या हाती द्या असं मी म्हणत नाही. तिथे माणूस हवा. आणि माणूसच नाही. माझ्याबरोबरचे टर्नर, वेल्डर, फिटर एकेक करून निवृत्त झाले. जागा भरल्या नाहीत, किंवा अकरा महिन्यांच्या कंत्राटावर भरल्या. कंत्राटावरचा पोरगा यंत्राची कुरकुर ओळखायला लागतो तोवर त्याची मुदत संपते.

२०२४-२५पासून ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींची फी आपल्या शासनाने माफ केली, त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या भाचीला त्याचा उपयोग झाला. पण ती हॉस्टेलवर राहते, दिवसभर तास असतात, आणि तिच्या टीमला हाताने काम करायला वेळ मिळतो तो संध्याकाळीच.

तेव्हा मागणी एवढीच. ज्या महाविद्यालयांतून पोरं असल्या स्पर्धांना जातात, तिथे वर्कशॉपला दुसरी पाळी द्या, दुपारी दोन ते रात्री दहा. त्या पाळीला दोन कायम माणसं द्या. आणि चारशे रुपयांच्या बेअरिंगसाठी तीन कोटेशनं मागवायला लावू नका. विभागप्रमुखाच्या सहीवर किरकोळ खरेदी होऊ द्या. पोरं आज ते स्वतःच्या मेसच्या पैशातून आणतात.

नेमणुकांना वेळ लागतो हे मला माहीत आहे. तोवर आमच्या गावच्या महाविद्यालयात संध्याकाळी सहा ते दहा मी बसतो. मानधन नको. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, मायक्रोमीटर वाचता येतो. फक्त परवानगी कुणाच्या सहीने मिळते तेवढं कळवावं. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा वेगळं टेबल दाखवलं.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त वर्कशॉप फोरमन