शेरूच्या म्हातारपणाविषयी

सातारा,
दि. १४ जुलै २०२४

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. तुझ्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या, शेरूच्या रक्ताच्या तपासणीचे आकडे वाचून पुढे काय आहे ते माझ्या लक्षात आले आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. "घरातले विचारतात, आता याचे किती दिवस करणार?" हे वाक्य तू एकाच पत्रात दोनदा लिहिले आहेस. म्हणजे तो प्रश्न तुझ्याही मनात कुठेतरी जाऊन बसला आहे. फोनवर मला हे बोलता आले नसते, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या तांबी कुत्रीला घरी आणले ते आपण दोघांनीच. २००९ सालच्या आषाढात, पोवई नाक्याच्या अलीकडे गटाराच्या कडेला ती कुडकुडत पडली होती आणि तू तिला तुझ्या रेनकोटात गुंडाळून स्वतः भिजत आलास. "सकाळी जिथून आणले तिथे सोडून या," असे आईने बजावले होते, आणि सकाळी उठून पाहतो तर आईच चुलीजवळ बसून तिला कापसाच्या बोळ्याने दूध पाजत होती. तेव्हापासून गेल्या डिसेंबरापर्यंत, म्हणजे साडेचौदा वर्षे, ती आमच्याकडे होती. आई गेली, मुलगी सासरी गेली, मी निवृत्त झालो; या सगळ्याला ती साक्षी होती.

मधल्या वर्षांबद्दल फारसे लिहीत नाही, ती तुला ठाऊक आहेत. मला सांगायचे आहे ते शेवटच्या दीड वर्षाविषयी.

सुरुवात अगदी बारीक खुणांनी झाली. पाण्याचे भांडे दिवसातून दोनदा भरावे लागायचे ते चार वेळा भरावे लागू लागले. डोळ्यांवर निळसर झाक आली, हाक ऐकू येईनाशी झाली. मग एके दिवशी पाहिले तर ती दारापाशी उभी होती, पण उघडणाऱ्या बाजूला नव्हे, बिजागरीच्या बाजूला. चौदा वर्षे ज्या दारातून ती रोज बाहेर पडली, ते कोणत्या बाजूने उघडते हे ती विसरली होती. फटीला नाक लावून ती शांतपणे वाट पाहत राहिली, कारण दार उघडायला मी येणार यात तिला शंका नव्हती. म्हातारपणी माणसांना होतो तसा विसर कुत्र्यांनाही पडतो, असे डॉक्टरांनी समजावले. पुढे मी रोज तिला हलकेच दुसऱ्या बाजूला सरकवत असे आणि मगच कडी काढत असे.

याच काळात माझ्या हातून एक मोठी चूक झाली आणि ती तुझ्या हातून होऊ नये. तांबी लंगडते आहे असे पाहून मी माझ्या गुडघेदुखीच्या गोळीतली अर्धी गोळी भाकरीच्या तुकड्यात घालून तिला दिली. दुसऱ्या दिवशी तिला काळी शी झाली. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यांच्या आतड्यांना आणि मूत्रपिंडांना फार बाधतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा टाकाऊ घटक, वाढलेले दिसते तोवर मूत्रपिंडांचे साधारण तीन चतुर्थांश काम थांबलेले असते, हे तर मला त्यानंतर कळले. त्या अर्ध्या गोळीने किती नुकसान झाले ते कोणी सांगू शकत नाही, पण ती मी दिली होती, हे मला विसरता येत नाही.

त्यानंतर कातडीखाली सलाईन देणे सुरू झाले. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलायची, घडीत सुई सरकवायची आणि बाटली उंच धरून बसायचे. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवत जा, कारण गार पाणी आत गेले की त्यांच्या अंगावर शहारा येतो. खांद्यावर बैलाच्या वशिंडासारखा फुगवटा येतो, त्याला घाबरू नकोस. काही तासांत तो जिरतो. पहिले चार दिवस माझा हात थरथरला. पाचव्या दिवसापासून मी बाटली अडकवली की तांबी आपण होऊन गोणपाटावर येऊन बसू लागली.

आपण कॉलेजात असताना रायगडावर वाघ्याच्या पुतळ्यापुढे उभे राहिलो होतो, आठवते? महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली ही कथा ऐकून तुझे डोळे भरून आले होते. समकालीन कागदपत्रांत त्या कुत्र्याचा उल्लेख सापडत नाही, हे पुढे वाचनात आले, पण माझा मुद्दा निराळा आहे. कुत्र्याच्या निष्ठेच्या कथा आपण भक्तिभावाने सांगतो आणि माणूस कुत्र्याचे काय देणे लागतो, याची कथा मात्र क्वचित सांगतो. महाभारतात ती आहे. महाप्रस्थानिक पर्वात इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून चल म्हणतो, तेव्हा युधिष्ठिर रथात पाऊल ठेवायला नकार देतो. आश्रयाला आलेल्या भक्ताला टाकणे हे त्याच्या लेखी महापाप होते. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म आहे, हे त्याला नंतर कळले. नकार देताना त्याच्यापुढे होते ते फक्त एक कुत्रे, आणि मला त्या कथेत हेच सर्वांत मोठे वाटते.

जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक दफन सापडले. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वी एक पुरुष, एक स्त्री आणि एक पिल्लू तेथे एकत्र पुरले गेले. त्या कुत्र्याच्या पिल्लाला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार झाला होता, हे दातांवरच्या खुणांवरून संशोधकांनी ओळखले. शिकारीला उपयोग नाही, राखणीला उपयोग नाही, अशा त्या सात महिन्यांच्या आजारी जिवाला कोणीतरी आठवडे न् आठवडे भरवले, पुसले आणि ऊब दिली. नाहीतर ते तितके जगलेच नसते. शेती अजून सुरू व्हायची होती, दत्ता, त्या काळातली ही गोष्ट आहे. तेव्हाही कोणीतरी "किती दिवस करणार?" असे विचारले असेल.

तांबी डिसेंबरात पहाटे गेली, पडवीत, माझा हात तिच्या पोटावर असताना. परसातल्या शेवग्याखाली तिला ठेवले आहे.

शेरूसाठी फरशीवर जागोजागी गोणपाट अंथर, म्हणजे मागचे पाय घसरणार नाहीत. कांदा आणि बेदाणे त्याच्या तोंडी जाऊ देऊ नकोस. जिना चढवत नसेल तर त्याला वर नेण्याचा हट्ट धरू नकोस, तुझेच अंथरूण खाली आण. वहिनी थकल्या असतील, त्यांच्यावर रागावू नकोस. रात्रीचे उठणे तू स्वतःकडे घे. डॉक्टरांनी सलाईन घरी द्यायला सांगितले तर मला लगेच कळव. मी सकाळच्या एस. टी. ने निघेन. पहिले चार दिवस बाटली मी धरेन, तू त्याच्या डोक्याजवळ बस.

तुझा,
मधू