बाळाच्या गोळीबद्दल

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर आई एकदम गप्प झाली, म्हणून लिहून पाठवते. बाळाची थायरॉइडची गोळी आम्ही सुरू केली आहे. तुम्हाला विचारायला थांबलो नाही, कारण यात थांबणंच धोक्याचं.

बाबा, टाचेतून रक्त घेऊन केलेली पहिली तपासणी चांगली आली, मग परत सुई कशाला, हे तुमचं म्हणणं मला पटण्यासारखंच होतं. पण ३६व्या आठवड्यात आलेल्या बाळाचं वजन चांगलं असलं, रडणं खणखणीत असलं, तरी मेंदूकडून थायरॉइडला हुकूम जाण्याची व्यवस्था कच्ची असू शकते. मग थायरॉइडचं काम कमी पडत असलं तरी टीएसएच, म्हणजे तो हुकूम नेणारं हार्मोन, सुरुवातीला वाढत नाही, मागाहून वाढतं. म्हणून अशा बाळांची दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात. आपल्या बाळाचं टीएसएच तेव्हा बरंच वाढलेलं निघालं, आणि टी-४, म्हणजे थायरॉइडमध्ये बनणारा हार्मोन, कमी.

बाळ तर किती छान दिसतंय, असं आई म्हणाली. दिसणारच गं. पोटात असताना माझा हार्मोन थोडाफार त्याला मिळत होता ना! लक्षणं दिसेपर्यंत वाट पाहिली, तर मेंदूच्या वाढीचा तेवढा काळ हातचा जातो आणि तो भरून निघत नाही. मला ते जमलं नसतं.

शरीरात बनतो तोच हार्मोन या गोळीत आहे, मात्रा वजनावर ठरते. चुरून चमचाभर दुधात देतो. बाटलीत घातली आणि दूध उरलं तर डोसही उरतो. घेताना कुरकुर नाही, पोटभर पितो, झोपतोही शांत. जन्मभर घ्यावी लागेलच असं नाही. लवकर आलेल्या बऱ्याच बाळांमध्ये हे तात्पुरतं असतं, तिसऱ्या वर्षानंतर गोळी थांबवून बघतात.

आई, तुझ्या थायरॉइडमुळे हे झालं असं मनातही आणू नकोस. मला ताप आला की रात्रभर कपाळावर हात ठेवून बसायचीस. आता त्याच्या उशाशी बसले की तुझाच हात आठवतो.

आता ऐका. आई, तुझी गोळी उपाशीपोटी, आणि कॅल्शियमची तिच्यानंतर चार तासांनी. एकदम दोन्ही गिळायच्या नाहीत. बाबा, याकडे तुम्ही लक्ष द्या. इकडे आलात की बाळाला खरचटलं तरी ते तपकिरी आयोडीनचं औषध लावायचं नाही, एवढ्याशा थायरॉइडला ते झेपत नाही. पुढचा रिपोर्ट आला की आधी तुम्हालाच फोन करते.

तुमची,
ताई