टेकडीवर न्यायचा मसाल्याचा केक

पुणे,
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय मंजू,

सप्रेम नमस्कार.

तुळशीचं लग्न आटोपून तू पुण्याला येतेयस, हे वाचून फार फार आनंद झाला. इथे दुपारचं ऊन अजून चटके देतंय, पण पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटायला लागलंय. तू येशील तोवर वेताळ टेकडीवरचं गवत पिवळं पडलेलं असेल. उजाडता उजाडता निघू, खाणीपाशी बसू. डब्यात या वेळी लाल भोपळ्याचा मसालेदार केक.

भोपळ्याचा केक म्हटल्यावर तू नाक मुरडणार! पण आपले घारगे आठव. अमेरिकेत या दिवसांत भोपळ्यात दालचिनी, सुंठ, लवंग, जायफळ घालून केक करतात. यातलं आपल्याला परकं काय आहे, सांग बरं?

साखरेऐवजी मी गूळच घालते. त्याने रंग गडद येतो आणि केक ओलसर राहतो. दीड वाटी कणीक, अर्धी वाटी मैदा, सव्वा वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी तूप, अर्धी वाटी दही, एक सपाट चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ. भोपळा वाफवून, चाळणीत निथळून, मग कुस्करून वाटीभर. निथळायचा कंटाळा करू नकोस, नाहीतर केक मधे गिच्च राहतो.

खरा जीव मात्र मसाल्यात आहे. तयार पूड नकोच. दालचिनी पातळ पापुद्र्यांची घे, बोटांनी सहज मोडणारी. जाड सालीची फार तिखट लागते. लवंगेच्या देठाला नख लावलं की तेल दिसलं पाहिजे, तरच ती ताजी. चमचाभर दालचिनी, अर्धा चमचा सुंठ, तीन-चार लवंगा, हे सगळं बारीक कुटून कोमट तुपात मिसळायचं. मसाल्याचा वास तुपात उतरतो, म्हणून ही पायरी मी कधीच गाळत नाही.

दही आणि गुळाशी गाठ पडली की सोडा लगेच कामाला लागतो. त्यामुळे ओव्हन आधीच 170 अंशांवर तापलेला हवा. पीठ घातल्यावर जेमतेम एकजीव करायचं. फार घोटलं की केक चिवट होतो. पाऊण तासाने सुरी खुपसून बघायची.

आणि त्याच दिवशी कापायचा नाही! घरात कितीही भुणभुण झाली तरी. रात्रभरात मसाला मुरतो आणि दुसऱ्या दिवशी चव कितीतरी खुलते. क्रीम नाही, आयसिंग नाही, म्हणून टेकडी चढतानाही डब्यात काही लडबडत नाही. सोबत थर्मासमध्ये गवती चहा घालून केलेला चहा.

जायफळ वर मुद्दामच लिहिलं नाही, कारण ते तुझ्याकडूनच हवंय. तुमच्या वाडीत नारळ-पोफळीच्या सावलीतल्या झाडांची जायफळं आता वाळली असतील. कवचासकट आण, हलवल्यावर आत खुळखुळणारी. इथे किसून लगेच पिठात घालू. थोडी जायपत्रीही दे, दिवाळीच्या बासुंदीला तिची फार आठवण होते.

काका-काकूंना साष्टांग नमस्कार, छोटीला गोड पापा. गाडी कुठली ते आधी कळव, स्वारगेटला घ्यायला येते.

तुझीच,
शुभा