उस्ताद, ओळंबा अजून माझ्याकडेच आहे

उस्ताद,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टानं पाठवलं असतं तर तुम्ही वाचून, घडी घालून डायरीत ठेवलं असतं आणि कुणाला दाखवलं नसतं. म्हणून चारचौघांत लिहितेय. नातवाला मोठ्यानं वाचायला सांगा. त्याला डावीकडे बसवा, उजव्या कानानं तुम्हाला अर्धंच ऐकू जातं.

डिसेंबरात मी ती आखूड एअर रायफल घेऊन रेंजवर आले तेव्हा आधी हशा पिकला. "ताई, बाकीची रायफल रिक्षात राहिली का?" असं कोणीतरी म्हणालं. दोन वर्षं पैसे साठवून घेतलेली वस्तू पिशवीतून काढताना माझे कान गरम झाले होते. माझी उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, त्यात मी डावखुरी. साधी लांब रायफल पाच मिनिटांत माझ्या हातात मान टाकते. माझी ही बुलपप, म्हणजे आखूड बांध्याची रायफल: तिच्यात ट्रिगर पुढे सरकतो आणि छर्रा भरायची जागा मागे, दस्त्यात, थेट गालाखाली जाते. नळी लांब रायफलीएवढीच, पण सगळी मिळून माझी रायफल ७५ सेंटिमीटरची. वजन मागे, खांद्याशी येतं. मला तेच हवं होतं.

तुम्ही कोपऱ्यातल्या बाकावर चहा पीत होतात. उठलात, रायफल हातात घेतलीत, उलटीसुलटी केलीत आणि म्हणालात, "थ्री-नॉट-थ्रीपासून इन्सासपर्यंत सगळं खोललं आणि जोडलं. हे कधी हातात आलं नाही. मला येत नाही, बघू या." उभी हयात फौजेत हत्यारं दुरुस्त केलेला माणूस सगळ्यांदेखत "मला येत नाही" म्हणतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं. हसणारे तिथंच गप्प झाले. माझे आभार खरं तर त्या एका वाक्यासाठी आहेत. बाकीचं पुढे येतंच.

पहिल्या रविवारी तुम्ही मला एकही छर्रा मारू दिला नाहीत. रिकामी रायफल उचलायची, वळायचं, ठेवायची, एवढंच. मी वैतागले. मग तुम्ही मागून माझं कोपर धरून थांबवलंत. पुढच्या हाताच्या वीतभर पलीकडे नळीचं तोंड होतं आणि ते बाकावरच्या मुलाच्या गुडघ्यावर रोखलेलं होतं. "लांब रायफल वळताना दिसते. ही बॅटरीसारखी वळते, कळतसुद्धा नाही." शिवाय आत छर्रा आहे की नाही तेही गालाखाली दडलेलं, नेम धरल्यावर दिसत नाही. म्हणून आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट मागे ओढून डोळ्यांनी बघायचं. अजूनही मी हे पुटपुटत करते आणि नवरा हसतो.

मग हवेचं प्रकरण. छर्रा हवेच्या दाबावर सुटतो, म्हणून संध्याकाळी रायफलीच्या टाकीत हातपंपानं २०० बार दाब भरायचा (खांदे निखळतात), आणि सकाळी दाबाचा काटा १८८ वर. मी दुकानात फोन केला. तिथून उत्तर मिळालं, "नवीन आहे, बसेल हळूहळू." तुम्ही साबणाचा फेस करून सगळ्या जोडांवर लावलात. एक बुडबुडा नाही. तेव्हा शाळेची जुनी वही काढून तीन दिवस लिहायला लावलंत: वेळ, काटा, तापमान. त्या आठवड्यात नाशिकचा पारा पहाटे १० अंशांवर होता, दुपारी २८ वर. तिसऱ्या दिवशी वही बघून मलाच कळलं. दुपारी काटा पुन्हा वर चढत होता. "हवा कुठं गेली नाही पोरी. थंडीनं अंग चोरून बसलीय." तरीही ओ-रिंगला, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कडीला, मी शिलाई मशीनचं तेल लावायला निघाले होते. माझ्या हातातली कुपी तुम्ही जवळजवळ हिसकावलीत. एवढ्या दाबाखालच्या हवेत असलं तेल पेट घेऊ शकतं, तिथं सिलिकॉन ग्रीसच लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डब्यात माहितीपत्रकही नव्हतं.

ट्रिगरचं तर विचारूच नका. दाबला की आधी ओल्या चिखलात बोट गेल्यासारखं वाटायचं, मग कधीतरी छर्रा सुटायचा. बुलपपचं हे जन्मजात दुखणं. ट्रिगर पुढे, सीअर (ट्रिगर दाबला की सुटणारा खटका) मागे, मध्ये लांब दांडी. तुम्ही दस्ता उतरवलात, चष्मा कपाळावर सरकवलात आणि दांडी उन्हात तिरकी धरलीत. एका जागी ती नखाएवढी घासून चकचकीत झाली होती. आत, दस्त्याच्या भिंतीला प्लॅस्टिकचा बारीक उंचवटा होता. हजार नंबरचा पॉलिश पेपर आइस्क्रीमच्या काडीला गुंडाळून तुम्ही तो अर्धा तास घासत होतात. मध्येच दांडी बसवून मला दाबायला सांगायचात. चौथ्यांदा दाबला तेव्हा चिखल गेला होता. लांब रायफलीच्या ट्रिगरसारखा तो कधीच होणार नाही, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत.

मामांच्या दिंडोरीच्या द्राक्षबागेतला तो दिवस. विहिरीच्या मातीचा ढिगारा पाठीशी, मजूर बागेबाहेर, सगळं तुमच्या मनासारखं. २५ मीटरवर नेम जमवला, छर्रे एका रुपयाच्या नाण्यात बसले. टार्गेट १० मीटरवर आणलं तर सगळे अडीच सेंटिमीटर खाली! मला वाटलं स्कोप हलला. तुम्ही मामांकडून दोन सुतळ्या मागितल्यात. एक नळीच्या उंचीवर, एक स्कोपच्या उंचीवर, दोन्हींत साडेसहा सेंटिमीटर अंतर. दोन्ही ताणून लांबच्या खुंटीशी एकत्र आणल्यात. "बघ, जवळ फट किती आहे." माझ्या रायफलीत गाल यंत्रणेवरच टेकतो, म्हणून स्कोप उंच बसवावा लागतो, आणि जवळच्या निशाण्यावर छर्रा नजरेच्या रेषेखालीच राहतो. त्यात रायफल जरा कलली तरी फटका बाजूला. त्यासाठी तुम्ही गवंड्याचा ओळंबा आणलात, टार्गेटशेजारी टांगलात आणि स्कोपची उभी रेघ त्या दोरीवर बसवायला लावलीत. त्या दुपारी मी शंभर छर्रे मारले. शेवटच्या दहांचं टार्गेट मी घरी फ्रेम करून लावलंय, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

मामांचा डाव वेगळाच होता. बुलबुल आणि साळुंक्या मणी फोडतात, "आता भाचीकडे बंदूक आहे" म्हणाले. तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. "मामासाहेब, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. जाळी लावा." ४.५ मिलिमीटरची आणि २० जूलच्या आतली एअर रायफल २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्याविना ठेवता येते, हे मामांना पाठ होतं. तुमचं उत्तर: "परवाना लागत नाही. अक्कल लागते." मामा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. जाळी मात्र लावली.

एवढं करूनही बुलपपबद्दल तुमचं मत बदललं नाही, याची गंमत वाटते. ऑस्ट्रियानं १९७७ मध्ये बुलपप फौजेत घेतली, आपल्या स्पेशल फोर्सेसकडे इस्रायली बुलपप टॅवॉर आहे, असं मी सांगायची. "आणि फ्रेंचांनी २०१६ मध्ये सोडायचं ठरवलं," तुम्ही म्हणायचात. डावखुऱ्याच्या गालावर गोळीची तापलेली रिकामी पुंगळी येते, इंग्रजांची बुलपप एसए-८० तर डाव्या खांद्यावरून चालवताच येत नाही, हा तुमचा हुकमाचा पत्ता. माझ्या रायफलीतून पुंगळी निघत नाही, उस्ताद. तेवढ्यापुरती मी जिंकले.

पैशाचा विषय काढला तेव्हा तुम्ही असे बघितलंत की मी पाकीट परत पर्समध्ये टाकलं. द्राक्षांची पेटी घेतलीत, तीही निम्मी रेंजवर वाटलीत. ज्यानं रिक्षाचा विनोद केला होता, त्याला सगळ्यात मोठा घड.

एक कबुली. तो ओळंबा तुमचा, तुमच्या वडिलांच्या हातचा, आणि मी तो मार्चपासून परत केलेला नाही. रविवारी घेऊन येते. दोरी तेवढी नवी आहे, जुनी मामांच्या पंपघरात उंदरांनी कुरतडली.

तुमची,
आखूड रायफलवाली
इंदिरानगर, नाशिक