‘दुसरा कोणी येईलच’ म्हणणं सोपं आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला जुन्या कॉम्प्युटरांच्या इम्युलेटरवरचा (जुनं यंत्र आजच्या कॉम्प्युटरवर हुबेहूब चालवणारं सॉफ्टवेअर) लेख वाचला. हा विषय मराठी दैनिकात सहसा दिसत नाही, तो छापलात याबद्दल आभार. पण लेखाच्या शेवटाकडे म्हटलंय की, सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) खुला असल्यामुळे मूळ डेव्हलपर गेला तरी काही बिघडत नाही, दुसरा कोणी काम पुढे नेतोच. हे वाचून आलेला राग आज सकाळपर्यंत उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलो. लेखकाला असं सॉफ्टवेअर अडीनडीला कधी लागलेलं नसावं.

पीसी-एमचंच घ्या. सारा वॉकर यांचा हा इम्युलेटर म्हणजे १९८१ च्या आयबीएम पीसीपासून पेंटियमपर्यंतची यंत्रं, त्यांच्या चिपसेट आणि साउंड कार्डांसकट. डिसेंबर २०२० मध्ये त्याची १७ वी आवृत्ती आली आणि जून २०२१ मध्ये त्यांनी काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. नवा सांभाळणारा मिळेपर्यंत डिसेंबर उजाडला. मधल्या काळात कोड जागेवर होता, तो कोणालाही वापरायची-बदलायची मुभा देणारा जीपीएल परवाना होता, एक ओळही कुठे हरवली नव्हती. पण अमुक मदरबोर्डचा टायमर असाच का लिहिलाय, ही ओळ काढली तर कुठला प्रोग्रॅम बंद पडेल, हे ज्यांना ठाऊक होतं त्या तिथे नव्हत्या. गावची विहीर सगळ्यांना खुली असते, पण गाळ काढायला कोणालातरी खाली उतरावंच लागतं.

त्याच जून महिन्यात बीएसनेस हा इम्युलेटर लिहिणारे, ‘निअर’ या टोपणनावाचे डेव्हलपर वारले. तो खेळाच्या यंत्राचा इम्युलेटर, कॉम्प्युटरचा नव्हे, पण त्या माणसाने खेळाची एकेक मूळ कार्ट्रिज मिळवून तिची नोंद केली होती. त्यांचा कोड आज इतर लोक सांभाळतात, ते फार चांगलं करतात. पण तेवढ्यावर ‘काही बिघडत नाही’ म्हणवत नाही मला.

क्यूएमू हा इम्युलेटर टिकला, हे लेखकाने उदाहरण म्हणून दिलंय. फाब्रिस बेलार यांनी तो सुरू केला, पुढे ते बाजूला झाले आणि तो आजही जोरात चालू आहे, हे खरंच. पण तो का टिकला? मोठमोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरचं काम त्यावर चालतं आणि त्या कंपन्यांचे पगारी इंजिनिअर त्यावर बसलेले असतात. १९९२ चा ४८६ कॉम्प्युटर चालू राहावा म्हणून पगार कोण देणार? तिथे रात्रीचं जेवण झाल्यावर, स्वतःच्या हौसेने बसणारी माणसंच असतात, आणि ती दमतात.

आता माझं सांगतो. आमचा छापखाना. आत्याने गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या आम्ही नव्वदच्या दशकात डॉस या जुन्या प्रणालीवरच्या एका मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून ठेवल्या होत्या. पुस्तक निघालं नाही, आत्या गेली, ते सॉफ्टवेअर विकणारी कंपनीही बंद झाली. अक्षरांचा कोड त्यांचा स्वतःचा, इस्की या भारतीय लिपींच्या प्रमाण कोडशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे फाइल आजच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. डॉसबॉक्स हा डॉसचा इम्युलेटर मुळात खेळांसाठी, त्यात माझं काम होईना. शेवटी जुन्या मशीनच्या हार्ड डिस्कची पूर्ण इमेज काढली, त्याच मशीनची बायोस रॉम, म्हणजे यंत्र सुरू करणारा चिपमधला प्रोग्रॅम, वाचून घेतली (कॉपीराइटमुळे ती इम्युलेटरबरोबर मिळत नाही) आणि पीसी-एममध्ये ४८६ उभा केला. सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर आत्याच्या ओव्या, तिने सांगितलेल्या क्रमाने, कंसात बाईचं नाव आणि गाव. तो आनंद मला इथे लिहिता येणार नाही.

पण मजकूर बाहेर काढायचा एकच मार्ग होता, प्रिंट. आमचं सॉफ्टवेअर ९ पिनांच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी लिहिलेलं. मराठी अक्षर ते चित्र म्हणून पट्ट्यापट्ट्यांनी छापतं आणि कागद इंचाच्या २१६ व्या भागाच्या हिशेबाने सरकवतं. २४ पिनांच्या प्रिंटरला तोच हुकूम इंचाच्या १८० व्या भागाचा वाटतो. अशा प्रिंटरची नक्कल करणाऱ्या इम्युलेटरमध्ये छापलं की दर पट्टीनंतर पांढरी फट पडते. वेलांटी एकीकडे, काना दुसरीकडे. दुरुस्ती लहान आहे, पण ती करायला त्या कोडात वावरलेला माणूस हवा. अशा माणसाला मानधन द्यावं म्हणून मी आमच्या भागातल्या एका सांस्कृतिक संस्थेकडे अर्ज केला. ओव्यांचे नमुने जोडले, तांत्रिक अडचण सोप्या भाषेत लिहून दिली. पदाधिकाऱ्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, ‘काका, जे फुकट मिळतं त्यावर खर्च दाखवता येत नाही.’ त्याच वर्षी संस्थेच्या सभागृहात नवा एलईडी पडदा लागला. त्यावर खर्च दाखवता आला.

शेवटी पडद्याचे फोटो काढून आम्ही घरच्यांनी सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करायला घेतलं आहे. सूनबाई आणि मी. अजून पुरं झालेलं नाही.

हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड, म्हणजे पडद्यावर भारतीय लिपी आणणारं कार्ड, कॉम्प्युटरच्या आयएसए स्लॉटमध्ये बसवून कितीतरी कार्यालयांत मराठी लिहिली गेली. त्या कार्डाने काय केलं की पडद्यावर काय यायचं, हे इम्युलेटरमध्ये आणायचं तर ते कार्ड हाताळलेल्या माणसानेच बसून लिहून द्यावं लागेल. परदेशातल्या कोणा हौशी डेव्हलपरकडून ती अपेक्षा कशी करायची? आमचे त्या काळातले इंजिनिअर पुण्यातच निवृत्त होऊन बसले आहेत. त्यांना कोणी विचारलंय का? पीसी-एममधूनच काही वर्षं आधी वेगळा झालेला ८६बॉक्स आज जोमाने चालू आहे. त्याला चार पैसे आणि चार तास द्यायची वेळ आत्ता आहे. लेखात ८६बॉक्सचं नाव होतं, मदत कशी करायची याची ओळ नव्हती.

जाता जाता, आपल्याच दैनिकाबद्दल. तुमच्या संकेतस्थळावरचे सुरुवातीच्या वर्षांतले अंक उघडले की मजकुराच्या जागी नुसती चिन्हं येतात, कारण ते तेव्हाच्या वेगळ्या फॉन्टमध्ये आहेत आणि तो फॉन्ट आता संकेतस्थळावर मिळत नाही. मी याबद्दल पूर्वी कळवलं होतं, उत्तर आलं नाही. त्या अंकांत आमच्या तालुक्यातल्या महापुराच्या बातम्या आहेत, त्या मला हव्या आहेत. फॉन्टची फाइल कार्यालयातल्या एखाद्या जुन्या मशीनवर नक्की असेल. डीटीपी विभागातल्या जुन्या माणसांना विचारावं आणि ती मला पाठवावी. त्यावरून अक्षरांचा तक्ता करून ते अंक युनिकोडमध्ये आणून द्यायला मी तयार आहे, मोबदला नको. फक्त मशीन भंगारात जाण्याआधी विचारा.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक मुद्रक, मिरज