ड्रेनचा ओव्हर खाटेजवळच द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी ३१ वर्षे सर्जिकल वॉर्डात परिचारिका होते. निवृत्त झाले तरी एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

एका रात्रपाळीला स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरची एक बाई माझ्याकडे होती. चार्टवर दोन्ही पाळ्यांना ड्रेनसमोर, म्हणजे जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीसमोर, ‘१० मिली’ लिहिलेले. ओव्हर देणाऱ्या, म्हणजे पाळी संपताना रुग्णांची माहिती माझ्याकडे सोपवणाऱ्या सिस्टरने टेबलापाशीच सांगितले, “ड्रेन ठीक आहे.” मी चादर बाजूला केली, तर नळी कमरेखाली दबून दुमडली होती. काखेकडून ड्रेसिंग ओले झाले होते आणि जखमेखालची त्वचा ताणून चकाकत होती. ‘१० मिली’चा अर्थ स्राव कमी झाला असा नव्हता, तो आतच तुंबला होता. साचलेले रक्त काढायला त्या बाईंना पुन्हा थिएटरात न्यावे लागले. त्या सिस्टरला मी तेव्हाही बोल लावला नाही. अख्खा वॉर्ड तिच्या एकटीवर होता.

ड्रेन चालतो तो अगदी साध्या तत्त्वावर. नळीच्या टोकाचा मऊ फुगा, म्हणजे बल्ब, रिकामा करून, हाताने पूर्ण दाबून, दाबलेला असतानाच टोपण लावायचे. मग तो फुगू पाहतो आणि त्या ओढीने जखमेतला स्राव खेचतो. बल्ब गोल झाला की ओढ संपली, मग तो स्रावाने भरलेला असो की नुसत्या हवेने. म्हणून तो अर्धा भरला की रिकामा करायचा. नातेवाईक अनेकदा घाबरून सांगायला येतात, “सिस्टर, फुगा चपटा झालाय.” चपटा आहे म्हणजे काम करतो आहे, हे त्यांना पहिल्याच दिवशी कोणी सांगितलेले नसते.

चार्टवरच्या त्या आकड्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. २४ तासांतला स्राव साधारण ३० मिलीच्या खाली आला की बरेच सर्जन असा ड्रेन काढायचा विचार करतात. नळी गुठळीने बंद असेल किंवा आकडा नुसत्या नजरेने ठोकून दिला असेल, तर ड्रेन वेळेआधी निघतो आणि पाणी आत साचते. रंगाचेही तेच. लाल, मग गुलाबी, मग पिवळसर, हा नेहमीचा क्रम. पिवळसर झालेला स्राव पुन्हा लालभडक झाला किंवा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर हिरवट दिसला, तर डॉक्टरांना सकाळच्या राउंडची वाट पाहायला लावू नये. चार्टमध्ये रंगासाठी रकानाच नसेल, तर हे पुढच्या पाळीला कळणार कसे?

माझे मागणे एवढेच, की ड्रेनचा ओव्हर टेबलाजवळ देऊ नये. दोघी सिस्टरांनी खाटेपाशी जावे, चादर बाजूला करावी आणि त्वचेपासून बल्बपर्यंत नळीवरून बोट फिरवावे. बल्ब जखमेच्या खालच्या पातळीवर आहे ना, गाउनला अडकवताना नळीला ढील ठेवली आहे ना, दोन ड्रेन असतील तर दोन्हींवर क्रमांक आहेत ना, हे बघावे. स्राव मोजपात्रात ओतूनच मोजावा आणि आकड्याशेजारी वेळ लिहावी. छातीच्या ड्रेनची बाटली तर रुग्णाला एक्स-रेला नेतानाही छातीच्या वर उचलली जाता कामा नये. स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांनाही हे शिकवायला हवे.

या सगळ्याला एका खाटेमागे दोन-तीन मिनिटे लागतात. ती मिनिटे सिस्टरकडे असावीत, एवढे मनुष्यबळ पाळीला देणे आणि प्रत्येक रुग्णासाठी वेगळे मोजपात्र पुरवणे व्यवस्थापनाच्या हातात आहे. मी नोकरीत असताना एकच मोजपात्र वॉर्डभर फिरताना पाहिले आहे. एका जखमेचा जंतू दुसऱ्या जखमेपर्यंत न्यायला तेवढे पुरे होते.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका