तेलाच्या डब्याचा हिशेब

पंचवटी, नाशिक

चिरंजीव निखिल यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, 6.1 आल्याचे सांगितलेस आणि लगेच "आपल्या घराण्यातच आहे ते, बाबा" असे म्हणून विषय बदललास. ते वाक्य मला रात्रभर टोचत राहिले, कारण 46 व्या वर्षी डॉक्टरांसमोर बसून मीही हेच म्हणालो होतो. 5.7 ते 6.4 ही पातळी मधुमेहाच्या उंबरठ्यावरची मानतात आणि 6.5 पासून पुढे मधुमेह धरतात. म्हणजे तुला अजून मागे फिरता येण्याजोगे आहे, मला तेव्हा ते राहिले नव्हते. रक्तातून आलेल्या गोष्टीवर इलाज नाही हे खरे, परंतु रक्ताबरोबर आपल्या घरचे ताटही तुझ्याकडे आले आहे, आणि ते वाढणाऱ्यांपैकी मी एक आहे.

तुझ्या आजोबांनी 1972 च्या दुष्काळात सिन्नर तालुक्यात रोजगाराच्या कामावर खडी फोडली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. कामावर मिळणारी सुकडी ते अर्धीच खात आणि उरलेली उपरण्याच्या टोकाला बांधून आमच्यासाठी आणत. त्या गाठीचा वास मला अजून आठवतो. पुढे सातपूरला कारखान्यात नोकरी लागल्यावर त्या माणसाने घराला दोनच नियम घालून दिले : ताटात कण उरवायचा नाही आणि वाढताना हात आखडायचा नाही. भाजीवर तवंग दिसला नाही तर त्यांना घरात पुन्हा टंचाई आल्यासारखे वाटे. मी त्यांना दोष देत नाही, कारण उपाशी मुले पाहिलेल्या बापाची ती माया होती. पण तेच ताट मी तीस वर्षे कचेरीच्या खुर्चीत बसून जेवलो. मधुमेहामुळे त्यांच्या पायाचा अंगठा काढावा लागला तेव्हासुद्धा आम्ही औषधे बदलली, आमटी बदलली नाही.

गोळी चालू आहे ना, मग चार घास गोड खाल्ले तर काय होते, असे मी 59 व्या वर्षापर्यंत धरून चाललो. मग एकदा तुझ्या आईने जुन्या वहीतला किराणा काढून दाखवला. तू शाळेत असताना आपण पाच माणसे होतो आणि 15 किलो तेलाचा डबा दोन महिन्यांत संपत असे, म्हणजे माणशी रोज 50 ग्रॅम; बाहेरचा वडा आणि दिवाळीचे तळण त्यात धरलेलेच नाही. साधारणपणे माणशी 20 ते 30 ग्रॅमच्या पुढे जाऊ नये असे आहारतज्ज्ञ सांगतात. आता आम्हा दोघांना एक लिटरची पिशवी वीस दिवस पुरते, म्हणजे माणशी 23 ग्रॅमच्या आसपास. फोडणी पळीऐवजी चहाच्या चमच्याने मोजून घालतो, एवढाच त्यातला बदल आहे. पहिला महिना भाजी कोरडी लागली आणि मी चिडचिड केली, हेही कबूल करतो.

चहाचेही तसेच. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे म्हटले की पस्तीस-चाळीस ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवावी असे म्हणते. मी दर पंधरवड्याला अर्धा अर्धा चमचा कमी करत गेलो. एकदम सोडायला जाऊ नकोस. आपल्या घरातली माणसे हट्टाने सोडतात आणि दुप्पट हट्टाने धरतात.

रात्री आता पेठ-सुरगाण्याकडच्या नागलीची भाकरी असते, सोबत मोड आलेल्या मटकीची उसळ, आणि कोशिंबीर आधी खायची. जेवण झाले की आम्ही दोघे पंधरा मिनिटे गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या काठी, चालून येतो. रविवारची मिसळ मी सोडलेली नाही, तू आलास की आपण जाऊच. पण महिन्यातून एकदा, एकच पाव आणि वरची तर्री न घेता. एकादशीची साबुदाण्याची खिचडी मात्र बंद केली, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्चच.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. गेल्या खेपेला तुझ्या छकुलीला शिरा भरवताना तिने तोंड फिरवले. "एक घास चिऊचा, एक घास काऊचा" म्हणत मी तिची हनुवटी धरली आणि घास आत सारला. तिने तो गिळला, पण डोळ्यांत पाणी आले. माझी हनुवटी तुझे आजोबा अशीच धरीत आणि तुझी मी धरली होती. भूक संपल्याचे त्या लेकराला कळत होते, आणि ते कळणे मी मोडून काढत होतो. यापुढे तिने नको म्हटले की मी वाटी खाली ठेवीन; तूही ठेव आणि मृणालला हे पत्र वाचून दाखव.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून घे आणि डॉक्टर सांगतील ते कर. तुझी आई तेलाची पिशवी फोडते तेव्हा तिच्यावर पेनाने तारीख घालते. तुम्हीही घालायला लागा आणि पहिली पिशवी कधी संपली ते मला कळवा.

तुझे,
बाबा